युवक संघाचा जमाखर्च: खजिनदार बोटीवर जाण्याआधीची व्यवस्था

गोव्यातील वाड्यावाड्यांवरचे युवक संघ बहुधा दिवाळीत जाळायच्या एखाद्या नरकासुराच्या पुतळ्यापासून किंवा फुटबॉलच्या स्पर्धेपासून सुरू होतात. दहा-बारा मुले वर्गणी काढतात, कोणी बांबू देतो, कोणी ध्वनिक्षेपक मिळवतो आणि चतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जळाला की हिशेबाची वहीही कोठेतरी गहाळ होते. एका रात्रीपुरते हे खपून जाते. मात्र वर्षभर चालणाऱ्या संघात पैसा एकाच कार्यकर्त्याच्या खिशात, फोनमध्ये किंवा डोक्यात राहता कामा नये. आमच्या संघात एका वर्षी खजिनदाराला बोटीवरची नोकरी लागली, तो आठ दिवसांत निघून गेला आणि त्याच्या कपाटातील पाकिटात चौदा हजार रुपये नेमके कशाचे होते, हे कोणालाही सांगता आले नाही. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी कोणालाच शंका नव्हती, तरीही गावात कुजबुज व्हायची ती झालीच.

पहिले काम नोंदणीचे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात जणांनी उद्देशपत्र आणि नियमावली सादर करून संस्था नोंदवता येते. नियमावली दुसऱ्या संघाची जशीच्या तशी उतरवू नये. सभेची गणपूर्ती (किमान उपस्थिती) किती, बँकेत सही कोणाची, किती रकमेपर्यंतचा खर्च समितीच्या ठरावाशिवाय करता येईल आणि पदाधिकारी गावाबाहेर गेल्यास त्याची जागा कोण घेईल, या चार बाबी तीत स्पष्ट असाव्यात, कारण भांडणे नेमकी तेथेच होतात.

नोंदणीनंतर संस्थेच्या नावाने पॅन काढून बँकेत खाते उघडावे. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार या तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार होतील, असा ठराव करावा. तिघे एकाच घरातील नसावेत, हे सांगावे लागू नये, पण लागते. वर्गणीसाठी लावलेला क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा असावा. सचिवाच्या व्यक्तिगत खात्यावर ‘तात्पुरती’ घेतलेली देणगी त्याच्या पगारात आणि घरखर्चात अशी मिसळते की पुढे ती वेगळी काढणे कठीण होते, आणि त्याच्या उत्पन्नाविषयी प्रश्न निघाल्यास उत्तर त्यालाच द्यावे लागते.

रोजच्या हिशेबाला महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही; अनुक्रमांक छापलेले पावती पुस्तक, व्हाउचर आणि एक रोकडवही एवढे पुरते. गावभर वर्गणी काढताना चार गटांना चार पुस्तके दिली, तर कोणते पुस्तक कोणाकडे गेले याची सही घ्यावी आणि परत आल्यावर प्रत्येक स्थळप्रत मोजावी. रद्द झालेली पावती फाडून फेकू नये, ती पुस्तकातच ठेवावी. गोळा झालेली रोकड आधी पूर्ण बँकेत भरावी आणि खर्चासाठी पुन्हा काढावी. जमलेल्या पैशांतूनच मंडपवाल्याला परस्पर देणे सोयीचे वाटते. परंतु तसे केल्यास जमा किती आणि खर्च किती, हे दोन्ही आकडे एकदम संशयास्पद होतात. किरकोळ खर्चासाठी खजिनदाराकडे दोन-तीन हजारांची ठरावीक रक्कम असावी, व्हाउचरे दाखवल्यावर तेवढीच पुन्हा भरून द्यावी. महिनाअखेर रोकडवही पासबुकाशी ताडून पाहण्याचे काम मात्र खजिनदाराखेरीज दुसऱ्या सभासदाने करावे.

अंदाजपत्रक मांडताना कायमचा खर्च आणि कार्यक्रमाचा खर्च वेगळा ठेवावा. समजा चाळीस सभासद आहेत आणि मासिक वर्गणी ५० रुपये आहे. कागदावर वर्षाचे २४,००० रुपये होतात, पण पावसाळ्यात मैदान बंद पडले की वर्गणीही थंडावते, म्हणून १८,००० रुपयेच धरावेत. खोलीचे भाडे, वीज आणि लेखापरीक्षकाचे शुल्क एवढ्यातच बसले पाहिजे. स्मरणिकेच्या जाहिराती किंवा प्रायोजक यांच्या भरवशावर भाड्याची खोली घेणारे संघ मी पाहिले आहेत. दुसऱ्या वर्षी खोली राहत नाही, जाहिरातदारही राहत नाही. सरकारी अनुदानाबाबतही तोच सावधपणा ठेवावा: मंजुरीचे पत्र म्हणजे खात्यातील पैसा नव्हे, आणि मूळ बिले जपलेली नसतील तर उपयोगिता प्रमाणपत्राच्या, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याच्या, वेळी धावपळ होते.

गोव्यात एका बाबीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या आखातातील किंवा बोटीवरच्या गावकऱ्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेली देणगी परकीय देणगी ठरत नाही. परंतु पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला गावकरी, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी, २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याच्या दृष्टीने परदेशी असतो आणि त्याची देणगी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येत नाही. अशी देणगी दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतील विशेष खात्यातच घ्यावी लागते. त्यामुळे लहान संघाने बालपणीच्या मित्रालाही नम्रपणे नकार देणे इष्ट. जर्सी पाठवतो म्हणणाऱ्यालाही आधी हेच विचारावे, कारण वस्तुरूप देणगीही या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते.

आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते. एप्रिलमध्ये हिशेब मिटवून लेखापरीक्षण करून घ्यावे, आयकर विवरणपत्राबाबत सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा आणि चतुर्थीची धामधूम सुरू होण्यापूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा उरकावी. नव्या कार्यकारिणीची यादी संस्था नोंदणी निबंधकांकडे वेळेवर जाते की नाही, ही जबाबदारी सचिवाची. सभेआधी जमाखर्चाची एक प्रत फलकावर लावल्यास निम्मे प्रश्न सभेपूर्वीच सुटतात.

शेवटचे काम ताब्याचे. पायउतार होणाऱ्या खजिनदाराकडून पावती पुस्तके, न वापरलेले धनादेश, पासबुक, व्हाउचरांची फाइल आणि हातातील रोकड यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात, बँकेतील सह्यांचा बदल त्याच आठवड्यात करावा. बँकेला दिलेला मोबाइल क्रमांक संघाच्या स्वतंत्र सिमचा असावा. नाहीतर संघाच्या प्रत्येक व्यवहाराचा ओटीपी भर समुद्रात असलेल्या फोनवर जातो.