ब्रेक स्विचच्या सर्किटमधला दोष आणि मीटरवरचे फसवे बारा व्होल्ट

ब्रेक लाइट लागत नाहीत, किंवा एकदा लागले की विझतच नाहीत, अशी तक्रार घेऊन गाडी आली की शिकाऊ मेकॅनिक आधी फ्यूज, मग बल्ब आणि मग पेडलवरचा स्विच तपासतो. हा क्रम तुम्हाला ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो. मला लिहायचे आहे ते या तिन्ही गोष्टी नीट असताना, निदान नीट दिसत असताना, दोष तसाच राहतो त्या वेळेबद्दल. या प्रकारच्या दोषाने मला शिकण्याच्या काळात इतके छळले आहे की आजही मागच्या दिव्याचा होल्डर उघडला की मीटरच्या पहिल्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

ब्रेक पेडलवरचा हा स्विच म्हणजे नुसते दिव्याचे बटण राहिलेले नाही. पुष्कळ गाड्यांमध्ये त्यात दोन संपर्क असतात. पेडल सोडलेले असताना एक उघडा आणि दुसरा मिटलेला असतो, आणि पाय ठेवताच दोघांची स्थिती उलटते. ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, हे दोन्ही सिग्नल एकमेकांशी ताडून पाहतो आणि मेळ बसला नाही तर पी०५०४ हा दोषाचा कोड नोंदवतो; त्या दोनांपैकी ‘ए’ नावाच्या सर्किटमध्येच गडबड वाटली तर पी०५७१ येतो. त्यामुळे दिवे लखलखीत लागत असतानाही क्रूझ कंट्रोल बंद पडणे, ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पार्किंगमधून न हलणे किंवा बटण दाबूनही गाडी स्टार्ट न होणे, असे प्रकार घडतात. कोड तुम्हाला सर्किट सांगतो, खराब झालेला भाग सांगत नाही. स्कॅनरवर कोड वाचून थेट नवा स्विच मागवणाऱ्यांविषयी माझे मत बरे नाही. अनेकदा नवा स्विच बसवल्यावर गाडी काही काळ ठीक चालते आणि त्याचे श्रेय स्विचला मिळते. प्रत्यक्षात कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवताना त्याच्या पिना घासल्या गेलेल्या असतात आणि खरा दोष तिथेच दबा धरून बसलेला असतो.

आता मुख्य सापळा. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर करंट घेतो, म्हणजे दोन बल्ब मिळून साडेतीन. वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या पिनेत केवळ एक ओहमचा अडथळा असला, तरी दिवे लागलेले असताना त्या एका पिनेवर अडीच ते तीन व्होल्ट वाया जातात आणि बल्ब मिणमिणतात. पण तुम्ही बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावलात तर? डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा अडथळा साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे त्यातून जेमतेम एक मायक्रोअँपिअर करंट वाहतो, आणि एवढ्याशा करंटला तो एक ओहम जाणवतही नाही. एकाच्या जागी हजार ओहम असले तरी मीटर बारा व्होल्टच दाखवील. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच धागा उरला असला तरीही आकडा तोच राहील. बल्ब काढून घेतलेले बारा व्होल्ट हा वायर चांगली असल्याचा पुरावा नाही. कंटिन्युइटीच्या, म्हणजे वायर अखंड आहे असे सांगणाऱ्या मीटरच्या बीपचेही तसेच आहे. दिव्याला अंधूक करायला पुरेसा असलेला अडथळाही तो खुशाल मान्य करतो.

म्हणून बल्ब जागेवर ठेवा, कोणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा, मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी बल्बच्या पॉझिटिव्ह टोकावर लावा. दिसणारा आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दुसरी पिन मागे मागे नेत स्विचचे जाणारे टोक, येणारे टोक आणि फ्यूज तपासा. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे दोष आहे. चांगल्या स्विचच्या दोन टोकांमध्ये ०.२ व्होल्टहून अधिक घट दिसू नये. मग हीच परीक्षा अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परततो त्या बाजूनेही घ्या, कारण ती बाजू हमखास विसरली जाते. दोन फिलामेंटच्या बल्बचा अर्थ तुटला की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून परतीची वाट शोधतो, आणि ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मंद पेटतो. हे पाहून घाबरू नका. असा विचित्र खेळ दिसला तर तुमचे काम उलट सोपे झाले आहे, थेट अर्थचा बोल्ट उघडा.

दिवे विझतच नसतील तर मीटर काढण्याआधी पेडलच्या पट्टीवरचे छोटे रबरी बटण जागेवर आहे का ते पाहा. ते झिजून गळून पडले की स्विचची दांडी छिद्रातून आरपार जाते आणि पेडल दाबलेलेच आहे असे गाडी समजते. काही स्विच बसवताना आपोआप ॲडजस्ट होतात आणि ते एकदाच. अशा ठिकाणी पेडल कोणत्या स्थितीत धरायचे हे त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वाचल्याशिवाय हात लावू नका.

वायर हलवून दोष सापडवणारे उस्ताद असतात आणि त्यांचा हात खरोखर जाणता असतो. तरीही ज्यांच्याकडे शिकाल त्यांना आकडा विचारत राहा. प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्या उस्तादापेक्षा सर्किट डायग्राम बरा, असे मला वाटते. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज कधीही टाकू नका, त्याने हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, जळू शकतो. ईसीयूच्या सिग्नल वायरवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका आणि वायरीचे आवरण टोचून भोके पाडू नका, कारण त्याच भोकातून पाणी शिरून पुढचा दोष तयार होतो.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा, स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडा आणि पेडल हळूहळू दाबत दोन्ही सिग्नल बदलताना स्वतः पाहा. एखादा उशिरा बदलत असेल किंवा मध्येच थरथरत असेल, तर दिवे लागत असूनही काम अपुरे आहे. शेवटी चावी काढा, पेडल सोडा आणि मागे जाऊन दिवे खरोखर विझले आहेत का ते बघा, नाहीतर सकाळी उतरलेल्या बॅटरीसाठी तुम्हालाच फोन येईल.