घरातील ज्येष्ठांची काळजी घेताना या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातील अनेक मराठी घरांत मुले नोकरीनिमित्त पुण्याला किंवा दिल्लीला असतात आणि ऐंशीच्या आजोबांचे सगळे सत्तरीच्या आजी करतात. अशा घरांत हयगय क्वचितच आढळते. चुका होतात त्या बहुधा मायेपोटी किंवा सवयीने.

सर्वांत जास्त घोळ औषधांचा होतो. हृदयाचे डॉक्टर वेगळे, मधुमेहाचे वेगळे, सर्दी-खोकल्याचे तिसरेच. प्रत्येकाची चिठ्ठी स्वतंत्र फाइलमध्ये राहते आणि रक्तदाबाची तीच ॲम्लोडिपिन दोन कंपन्यांच्या दोन नावांनी सकाळ-संध्याकाळ पोटात जाते. मग पाय सुजतात, चक्कर येते आणि घरचे म्हणतात, ‘आता वय झालं.’ त्यातच सोयीसाठी पट्टीतील गोळ्या कात्रीने सुट्या करून डबीत ठेवल्या, तर नाव आणि मुदत छापलेला भाग कचऱ्यात जातो. सगळ्या पट्ट्या, चूर्णे आणि काढे एका पिशवीत घालून नेहमीच्या डॉक्टरांसमोर ठेवावेत. चक्कर येते म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करणे ही मात्र तितकीच मोठी चूक आहे.

एकादशीचे तेच. साबुदाण्याची खिचडीही न खाता कडक उपवास करायचा आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र नेहमीप्रमाणे घ्यायचे, यामुळे साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसताच, माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ला फोन करावा.

पडण्याची भीती सर्वांना असते, पण दक्षता जिन्यापुरतीच घेतली जाते. रात्री लघवीसाठी घाईने उठताना रक्तदाब उतरतो आणि तोल जातो. म्हणून पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसावे, मगच उठावे. न्हाणीघराला आतून कडी लावू देऊ नये.

मे-जूनमध्ये येथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उतारवयात तहान कमी लागते, त्यामुळे ‘मागतील तेव्हा पाणी देऊ’ हा हिशेब चुकतो. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचा विचार सर्वांत शेवटी होतो. आजोबांना काखेत हात घालून ओढून उठवल्याने त्यांचा खांदा आणि आजींची कंबर दोन्ही दुखावतात. त्यांना खुर्चीच्या कडेला सरकवून, पाय मागे घ्यायला लावून, पुढे वाकवून उठू द्यावे. आजींनी गुडघ्यांत वाकून केवळ आधार द्यावा. मदत कोठे मिळेल हे कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन विनामूल्य आहे. भेटीला येणाऱ्या नातेवाइकांनीही नुसती विचारपूस करून, चहा घेऊन न उठता दोन तास आजोबांजवळ थांबावे, म्हणजे आजींना स्वतःचा रक्तदाब तपासून येता येईल.