पहिली वाकळ शिवताना

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीतल्या आमच्या घरात छातीपर्यंत आलं होतं. ते ओसरल्यावर गल्लीच्या तोंडाशी गाद्यांचा माणसाच्या उंचीचा ढीग लागला. कापसाची गादी आतपर्यंत भिजली की तिचं काही करता येत नाही. वरून वाळल्यासारखी वाटते आणि आत कापूस कुजत राहतो. आमच्याही चार गाद्या त्या ढिगात गेल्या. सासूबाईंच्या तीन वाकळा, म्हणजे जुन्या साड्यांचे थर शिवून केलेली पांघरुणं, मात्र त्यांनी कुणाला टाकू दिल्या नाहीत. टँकरच्या पाण्यात तीनदा धुतल्या, शेवटच्या पाण्यात जंतुनाशक घातलं आणि ऊन पडलं तशा गच्चीच्या कठड्यावर टाकल्या. तिसऱ्या रात्री घरातली पोरं त्याच वाकळा अंगावर घेऊन झोपली.

त्या दिवसांत मदतीच्या गोण्या भरपूर येत होत्या. त्यांत जरीच्या साड्या निघायच्या, एकेकटे बूट निघायचे. कोरडं अंथरूण-पांघरूण मात्र पुरत नव्हतं. त्याच महिन्यात मी सासूबाईंपुढे सुई-दोरा घेऊन बसले. तोवर मला बटण लावण्यापलीकडे काही येत नव्हतं. आमच्या भागात सासूला आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणते. आज घरासाठी आणि देण्यासाठी मिळून वर्षाला दहा-बारा वाकळा आमच्या हातून होतात. नव्याने शिकणाऱ्या बायका-मुली, अलीकडे दोन-तीन मुलगेही, मला विचारतात की सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुमच्याकडे गोधडी म्हणत असतील, सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी म्हणतात. काम तेच.

सुरुवात कापडापासून होते असं मला वाटायचं. मी पहिल्या दिवशी साड्यांचा गठ्ठा घेऊन गेले तर आत्याबाई म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. आधी कुणाच्या अंगावर जाणार हाय ते सांग." हा प्रश्न त्या प्रत्येक वाकळेच्या आधी विचारतात. म्हाताऱ्या माणसाला जड पांघरूण सोसत नाही, रात्री कुशीवर वळताना ते ओढावं लागतं. हॉस्टेलला निघालेल्या मुलीची वाकळ बादलीत मावली पाहिजे, कारण धुणार तीच. जमिनीवर झोपणाऱ्याला अंगाखालची वाकळ अंगावरच्या वाकळेपेक्षा जास्त लागते, आणि तिला थरही जास्त हवेत. हे ठरलं की थर किती, कापड कोणतं आणि टाका किती दाट, हे आपोआप ठरत जातं.

कापड सुतीच घ्या, यावर मी अडून बसते. सिंथेटिक साडी घाम शोषत नाही. थरांमध्ये ती घसरते, त्यामुळे शिवताना खालचं कापड एकीकडे आणि वरचं दुसरीकडे जातं. शिवाय चुलीजवळ झोपणाऱ्या घरात ठिणगी पडली तर ती वितळून कातडीला चिकटते. हाताला सुती वाटणारं कापड सुतीच असेल असं नाही. कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. सिंथेटिक धागा आकसतो आणि टोकाला कडक गोळी होते. टी-शर्टचं ताणलं जाणारं कापड साडीच्या थरांत मिसळू नका, दोन धुण्यांत वाकळ फुगे धरते. अस्तराला कोरं मांजरपाट घेणार असाल तर आधी रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. जुनं लुगडं आटून गेलेलं असतं, मांजरपाट मात्र शिवल्यावर आटतं आणि सगळी वाकळ चुरगळून बसते. गडद रंगाची साडी असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघायची. रंग लागला तर ती आत नको, वरही नको.

माप सोपं आहे. सहावारी साडी म्हणजे १८ फूट, आणि पन्हा साधारण ४५ इंच. तिचे सात-सात फुटांचे दोन तुकडे निघतात आणि चार फूट उरतं. म्हणजे एका माणसाच्या चार थरी वाकळेला दोन साड्या पुरतात आणि उरलेलं ठिगळांना, कोपऱ्यांना होतं. नऊवारी मिळाली तर आणखी बरं. २७ फुटांत पावणेसात फुटांचे चार थर एकाच लुगड्यातून निघतात. आत्याबाईंच्या आईची वाकळ अशीच एका लुगड्याची होती. कापताना कात्रीची खूण करून कापड सरळ फाडा, म्हणजे ते धाग्याला धरून फाटतं. उरेब, म्हणजे तिरके कापलेले, तुकडे वरच्या नक्षीला चालतील, थराला चालत नाहीत. ते ताणतात. विरलेला भाग फेकायचा नाही, फक्त एका थराचा विरलेला भाग दुसऱ्याच्या विरलेल्या भागावर येऊ द्यायचा नाही.

आता अंथरणं. नवशिक्यांची अर्धी वाकळ इथेच बिघडते, म्हणून याला एक अख्खी सकाळ द्या. फॉल, पिको, हुक सगळं उसवून काढा. फरशी पुसून सर्वांत खालचा थर उलटा पसरा आणि चारी बाजूंनी जड वस्तू ठेवा. आमच्याकडे पाटा, वरवंटा आणि पाण्याने भरलेल्या दोन कळश्या असतात. मग एकेक थर टाकायचा आणि तळहाताने मधून कडेकडे सारत जायचा. कडेकडून मध्ये कधीच नाही, नाहीतर सुरकुत्या पोटात जमतात. सगळे थर बसले की मोठमोठे कच्चे टाके घाला, वीतभर अंतरावर, तेही मधून बाहेर. टाचण्या लावून भागवू नका. वाकळ मांडीवर घेतली की त्या टोचतात, गळतात, आणि एखादी आत राहिली तर झोपणाऱ्याच्या अंगात जाते. कच्च्या टाक्यांना तास-दीड तास जातो. माझी पहिली वाकळ मी अर्ध्या तासात कच्ची केली आणि पुढे पाच दिवस शिवून पाहिलं तर खालच्या थराला हातभर लांब चूण पडली होती. आत्याबाईंनी काही न बोलता उसवायला ब्लेड पुढे केलं.

टाका म्हणजे साधा धावदोरा. तो गव्हाच्या दाण्याएवढा आणि दोन ओळींत एक बोट अंतर. सुई लांब घ्या आणि मधल्या बोटात अंगुस्तान घाला. चार थरांतून सुई ढकलताना उघड्या बोटाला दुसऱ्या दिवशी भोक पडतं. दोरा दीड हातापेक्षा लांब घेऊ नका, पीळ बसून गुंता होतो. घेतल्यावर मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा ओढा. सुईवर तीन-चार टाके घ्या आणि मग दोरा ओढा, पण कापड गोळा होईल इतका नाही. ओढून झाल्यावर डाव्या हाताच्या अंगठ्याने ती ओळ मागे सारून सपाट करायची. आत्याबाईंचा अंगठा हे काम न बघता करतो. त्या बोलत असतात, भाजीवाल्याला भाव विचारत असतात आणि अंगठा प्रत्येक ओळीवरून मागे जात असतो. दोरा संपला की गाठ वर ठेवायची नाही. एक उलटा टाका घ्यायचा, सुई थरांच्या मधून दोन बोटं लांब बाहेर काढायची आणि तिथे दोरा कापायचा, म्हणजे टोक पोटात लपतं.

किती वेळ लागतो, हे सगळेच विचारतात. ४५ इंच रुंदीवर बोटभर अंतराने साधारण ४५ ओळी बसतात. सात फुटांची एक ओळ, म्हणजे एकूण ३१५ फूट शिलाई. हात बसलेल्या बाईला एका ओळीला वीस मिनिटं, म्हणजे पंधरा तास. तुम्हाला पहिल्या वेळी तीस तास लागतील असं धरा आणि रोज एक-दीड तासच बसा. पाठ आणि डोळे दोन्ही सांभाळायचे आहेत. दोरा दुहेरी घेतलात तर दोनशे-सव्वादोनशे मीटर लागतो, तेव्हा एकाच रंगाचा आधीच आणून ठेवा.

मी आधी उभ्या ओळी घालत असे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात, ती एकदा जवळून पाहिली आणि माझी पद्धत बदलली. या लोकांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आलेले, त्यांतले बरेच पोर्तुगीजांच्या गोव्यातून पळून घाटावरच्या जंगलात राहिलेले. त्या बायका एका कोपऱ्यापासून सुरू करतात, तुकड्याची कड आत दुमडत कडेकडेने फिरतात आणि शेवटी मध्यावर येऊन थांबतात. वेगळी किनार लावावीच लागत नाही. चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची फुलं लावतात, त्यांना त्या फुला म्हणतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. आमच्या वाकळेच्याही कोपऱ्यांवर मी आता दुहेरी तुकडा लावते, कारण वाकळ नेहमी कोपऱ्याला धरून ओढली जाते आणि तिथेच आधी फाटते.

मशिनवर शिवली तर चालेल का? चालेल. सोळा नंबरची सुई घाला, टाका मोठा ठेवा आणि कच्चे टाके दुप्पट घाला, कारण मशिनचा पाय वरचा थर पुढे ढकलत जातो. थोड्या दिवसांत बऱ्याच वाकळा द्यायच्या असतील तर मी स्वतः मशिन वापरते. घरच्यांसाठी हातानेच.

बाळाच्या दुपट्याबद्दल थोडं थांबून सांगते. घरात पाळणा हलणार असेल तर बाळंतविड्यात हाताने शिवलेलं दुपटं हवंच असं वाटतं, आणि ते एका संध्याकाळी सुरू करून चार दिवसांत होतं. ३६ इंच चौरस, दोन थर, फार तर तीन. सर्वांत जुनं, सर्वांत मऊ पातळ बाळाच्या अंगाकडच्या बाजूला. टिकल्या, मणी, लोकरीचे गोंडे काही नको. सुटलेला दोरा तर मुळीच नको. तान्ह्या बाळाच्या बोटाला तो गुंडाळला जातो, रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. दुपटं हे अंगाखाली घालायला आणि मांडीवर घ्यायला असतं. झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण नको, तोंडावर येतं. रुग्णालयात द्यायची असतील तर आधी परिचारिकांना विचारा. एका रुग्णालयात आम्ही न विचारता वीस दुपटी नेली आणि ती परत आणावी लागली. तिथे जुन्या कापडाचं काही चालत नव्हतं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

देण्याच्या वाकळेत मी जी मोठी चूक केली ती अशी. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. बीडकडून, जतकडून कुटुंबं येतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि शिवाराच्या कडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात. पहाटे अंधारात आई-बाप फडावर जातात आणि लेकरं कोपीत झोपलेली असतात. डिसेंबरातली थंडी बघून मी सात थरांची, दाट टाक्यांची वाकळ शिवून एका कुटुंबाला दिली. मला तिचा अभिमान होता. महिन्याने गेले तेव्हा ती कोपीच्या बाहेर पाचटावर ओली पडली होती. ती बाई संकोचून म्हणाली, "ताई, लई जड हाय. धुवावी कुठं अन् वाळवावी कुठं? लेकरानं रात्री मुतलं, तीन दिस झाले, वाळतच न्हाई."

मी ती वाकळ घरी आणली आणि उसवून तिच्या दोन केल्या. आत्याबाईंनी पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न मी घरच्यांसाठी रोज विचारत होते, आणि देताना तो विसरले होते. तेव्हापासून कोपीसाठी तीन थर, फार तर चार. अंगाखालची आणि अंगावरची अशा दोन वेगळ्या. रंग गडद, कारण पाणी थोडं असतं आणि चिखल पुष्कळ. ट्रॉलीत सामान बांधताना गुंडाळता यावी म्हणून एका कडेला दोन नाड्या. आणि जी साडी मी माझ्या मुलाच्या वाकळेत घालणार नाही ती यातही घालत नाही.

पैशाचंही बोलायला हवं, कारण काहींना यातून चार पैसे मिळवायचे असतात आणि त्यात गैर काहीच नाही. पहिल्या मागणीला मी साडेचारशे रुपये घेतले होते. तासांनी भागलं तर घरकामाच्या मजुरीपेक्षाही कमी पडलं. तास लिहून ठेवा आणि आपल्या गावातल्या शिलाईच्या मजुरीने गुणून सांगा. मागणी बहुतेक एकाच प्रकारची असते: आई गेली, तिच्या साड्या कपाटात आहेत, त्यांची गोधडी करून द्या. अशा साड्यांना कात्री लावण्याआधी त्या माणसाला समोर बसवा आणि प्रत्येक साडीचं विचारा. एक गृहस्थ आठ साड्या घेऊन आले होते. एका साडीवर हळदीचा जुना डाग होता, मी म्हटलं हा भाग आत घालते. ते म्हणाले, तोच वर ठेवा.

गेल्या हंगामात वाटप करून निघताना एक म्हातारी मागून आली. वाकळ तिला मिळाली होती. ती म्हणाली, "सुई असंल तर दे. लुगडी हायत माझ्याकडं, दोरा न्हाई." पिशवीतली सुई आणि अर्धं रीळ तिला दिलं. ती तिथेच उन्हात बसली आणि आमच्या वाकळेचा एक कोपरा उलटून टाका बघायला लागली. मग म्हणाली, जरा लांब पडलाय. या वर्षी प्रत्येक वाकळेच्या घडीत आम्ही दोन लांब सुया, एक रीळ आणि मेणाचा तुकडा घालतो आहोत.