हेडफोन बदलण्याआधी थांबा: हॅम रेडिओ ऐकताना या चुका टाळा

रात्री साडेदहानंतर आमच्या पुण्यातल्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये स्पीकरवर रिग (हॅमचा, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्याचा सेट) लावायची सोय नाही. चाळीस मीटरचा बँड (हॅमना दिलेला लघुलहरींचा एक पट्टा) मात्र रंगतो तो नेमका तेव्हाच. त्यामुळे गेली कित्येक वर्षं माझं बहुतेक ऐकणं हेडफोनवरच चालतं. या काळात एक गोष्ट पक्की कळली. ‘हेडफोन खराब झाला’ म्हणून जो येतो, त्याचा हेडफोन बहुधा ठणठणीत असतो. दोष निघतो पिनेत, गेनच्या बटणात, नाहीतर सोसायटीच्या जिन्यातल्या एलईडी दिव्यात. म्हणून बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाण्याआधी हे वाचा.

पिनेचा घोळ

सगळ्यात जास्त वेळ मी यावरच घालवणार आहे, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात.

एका नव्या व्हीयू३ मित्राचा (त्याच्या कॉलसाइनची, म्हणजे परवान्यावरच्या ओळख-नावाची, ही सुरुवात) एकदा फोन आला, “रिग बहिरा झालाय. एस-मीटर नाचतोय, पण कानात काही नाही.” (एस-मीटर म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर.) त्याने मोबाइलचा इअरफोन लावला होता. मोबाइलच्या इअरफोनची पिन नीट बघा, तिच्यावर तीन रेषा असतात, म्हणजे चार भाग: डावा, उजवा, अर्थ आणि माइक. रिगच्या सॉकेटला तीनच भाग माहीत. काही सॉकेटांत अर्थची पट्टी माइकच्या भागावर जाऊन बसते. मग दोन्ही कानांना परतीची वाट उरत नाही, ते एकमेकांशी सिरीजमध्ये येतात आणि ऐकू येतो तो फक्त डाव्या-उजव्यातला फरक. गाण्यात असा फरक असतो, म्हणून गाणं पोकळ का होईना, पण वाजतं. रेडिओचा आवाज मोनो, दोन्हीकडे तंतोतंत एकच. फरक शून्य, आवाजही जवळजवळ शून्य. मी त्याला म्हटलं, “इअरफोनवरचं फोन उचलायचं बटण दाबून धर.” दाबलं, आणि पलीकडचा माणूस बोलायला लागला. बटण दाबलं की माइक आणि अर्थ जोडले जातात, एवढंच. हीच चाचणी तुम्हीही करा, मीटर लागत नाही.

दुसरा प्रकार एका कानाचा. जुन्या रिगचं सॉकेट मोनो असतं. त्यात स्टिरिओ पिन घातली की उजव्या कानाच्या भागाला सिग्नलच मिळत नाही आणि फक्त डावा कान वाजतो. यावर उपाय म्हणजे डावा-उजवा एकत्र जोडणारा कन्व्हर्टर. दुकानात ‘एक आवाज दोन्ही कानात पाहिजे’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर नुसता आकार बदलणारा कन्व्हर्टर हातात पडतो आणि दुखणं तसंच राहतं. मोठी, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची पिन बुधवार पेठेत ‘पी-थर्टीएट’ म्हटलं की लगेच मिळते. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत सकाळी लवकर जा, संध्याकाळी काउंटरवर उभं राहायला जागा नसते.

उलट चूकही होते. स्टिरिओ सॉकेटमध्ये मोनो पिन घातली की रिगचा उजवा चॅनेल शॉर्ट होतो. पुष्कळ रिगमध्ये आत रेझिस्टन्स असतो म्हणून निभावतं. पण निभावतं म्हणून रोज करू नये.

तिसरी चूक महागात पडणारी. रिगच्या मागे ‘एक्स्टर्नल स्पीकर’ असं लिहिलेलं भोक असतं आणि त्यातही हेडफोनची पिन अगदी छान बसते. ते ८ ओहमच्या स्पीकरसाठी असतं, तिथे काही वॉट ताकद असते. हेडफोनच्या सॉकेटमध्ये मधे रेझिस्टन्स घालून जी लगाम घातलेली असते, ती इथे नाही. व्हॉल्यूम जरा जास्त राहिला तर आधी कान आणि मग हेडफोन, अशा क्रमाने नुकसान होतं. शिवाय काही मोबाइल रिगमध्ये त्या सॉकेटची एकही बाजू अर्थ नसते, त्यामुळे भलता कन्व्हर्टर लावला तर रिगच्या ऑडिओ आयसीवरच संकट.

हँडीवाल्यांसाठी (म्हणजे हातात धरायच्या, वॉकी-टॉकीसारख्या सेटवाल्यांसाठी): दोन भोकांच्या स्वस्त चिनी हँडीत ऐकण्याचं भोक लहान, २.५ मिलिमीटरचं असतं. शेजारचं ३.५ मिलिमीटरचं माइक आणि पीटीटीसाठी (दाबून बोलायचं बटण). त्यात गाण्याचा इअरफोन खुपसून ‘आवाज येत नाही’ म्हणू नका.

‘नॉइज कॅन्सलिंग’ म्हणजे बँडची खरखर जाणार, हा समज

जाणार नाही. हा हेडफोन तुमच्या खोलीतला आवाज ऐकतो आणि तो कापतो. पंख्याची घरघर, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न, हे कमी होतं. खरखर तर अँटेनातून येऊन रिगमधून कानात जाते. हेडफोनच्या लेखी ती गाण्याइतकीच पवित्र, तो ती इमानदारीने वाजवतो. उलट बाहेरचा आवाज गेल्यामुळे ती जास्त उठून दिसते. त्यातच हेडफोनच्या आतलं इलेक्ट्रॉनिक्स तुम्ही ट्रान्समिट केल्यावर आरएफ, म्हणजे रेडिओ लहरी, पकडून गुरगुरू शकतं. कान पूर्ण झाकणारा साधा बंद हेडफोन पंख्यापुरतं काम करतो.

याच रांगेत दुसरा मोह, भारदस्त बेसचा. एसएसबीवर (लघुलहरींवर बोलण्याची हॅमची नेहमीची पद्धत) माणसाचा आवाज साधारण ३०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात येतो, रिगचा फिल्टरही बहुधा २.४ किलोहर्ट्झचा. त्याच्या खाली ऐकण्यासारखं काही नाही, असलाच तर पॉवर सप्लायचा १०० हर्ट्झचा हम. ढोलताशा छान वाजवणारा हेडफोन तो हमही तितक्याच प्रेमाने वाजवतो. शब्द कळतात ते वरच्या भागातल्या ‘स’, ‘त’, ‘क’मुळे. आवाज थोडा पातळ, टेलिफोनसारखा वाटला तरी चालेल, कॉलसाइन कळला पाहिजे. रिगमध्ये टोन कंट्रोल असेल तर बेस कमी करून बघा. खर्च शून्य.

स्टुडिओतला २५० किंवा ६०० ओहमचा महाग हेडफोन कुणी भेट दिला, तर रिगवर तो मंद वाजेल. रिगला साधारण ८ ते ३२ ओहमची सवय असते. क्रिस्टल सेटचं (बॅटरीशिवाय चालणारा साधा रेडिओ) गणित याच्या बरोबर उलटं. शाळेतली मुलं पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ पकडायला सेट बांधतात, त्याला मोबाइलचा इअरफोन लावतात आणि हिरमुसतात. तिथे हजारो ओहमचा जुना हेडफोन, नाहीतर क्रिस्टल इअरफोन लागतो. नाहीच मिळाला तर मधे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर.

ब्लूटूथ

ब्लूटूथवर आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा भाग तरी उशिरा पोहोचतो. सिनेमा बघताना फोन तो उशीर सांभाळून घेतो. रिगचा डायल फिरवताना कोणी सांभाळत नाही: तुम्ही स्टेशन ओलांडून पुढे गेल्यावर ते कानात येतं, मग परत मागे, मग परत पुढे. मोर्स पाठवताना तर स्वतःचाच साइडटोन (आपण पाठवतो त्याचा रिगमधून ऐकू येणारा टोन) उशिरा आला की हात लडखडतो. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या वेबएसडीआरवर (इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ) नुसतं ऐकत बसायचं असेल तर ब्लूटूथ खुशाल वापरा. रिगला मात्र वायरच.

लॅपटॉपवर एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) ऐकणाऱ्यांनी साउंड सेटिंगमधले ‘एन्हान्समेंट’ सगळे बंद करावेत. ते गाण्यासाठी बनवलेले असतात, क्षीण सिग्नलला तेच खातात.

व्हॉल्यूम वाढवत राहणं

सिग्नल बारीक आला की हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. व्हॉल्यूमने सिग्नल आणि खरखर दोन्ही सारखेच वाढतात, कळत मात्र काही नाही. हात आरएफ गेनकडे (अँटेनाकडून येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) न्या आणि तो हळूहळू कमी करा. एका जागी खरखर खाली बसते आणि माणूस तसाच उभा राहतो. बऱ्याच रिगमध्ये गेन कमी करताना एस-मीटरची सुई वर चढते. घाबरू नका, ती तशीच चढते. मग फिल्टर अरुंद करा. मोर्ससाठी ५०० हर्ट्झ पुरतो. मोर्सचा टोन ७००-८०० वर ठेवण्यापेक्षा ५००-५५० वर आणून बघा. शेजारच्या दोन सिग्नलमध्ये ५० हर्ट्झचा फरक असेल तर खालच्या पट्टीत तो कानाला जास्त स्पष्ट जाणवतो, आणि तासाभराने डोकंही कमी दुखतं.

कानाचा हिशेब मोजूनच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी. घरात कोणी नेहमीच्या आवाजात हाक मारली आणि ती आलीच नाही, तर तुम्ही फार वर आहात. (बायकोची हाक मुद्दाम न ऐकणं हा वेगळा विषय.)

एफएमवर आणखी एक फसगत. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचं १४५.८०० मेगाहर्ट्झ ऐकायला आपण स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) उघडा ठेवतो. सिग्नल नसताना एफएमची सूं भरपूर मोठी असते, सिग्नल आला की ती गप्प होते. ती कानाला सहन होईल इतकाच व्हॉल्यूम ठेवा. स्थानक डोक्यावरून दहाएक मिनिटांत निघून जातं, तेवढ्यासाठी कानाचा भुगा कशाला?

खरखर कुठून येते, ते न शोधणं

अँटेनाची वायर काढा. खरखर गेली, तर ती बाहेरून येते. तशीच राहिली, तर रिग किंवा सप्लाय. आता व्हॉल्यूम शून्यावर न्या. तरी हम राहिला तर तो पॉवर सप्लाय, लॅपटॉपचा चार्जर किंवा त्यांच्यातला ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थ जोडण्यांतून फिरणारा प्रवाह). लॅपटॉप बॅटरीवर घेऊन बघा.

बाहेरून येणारी खरखर शोधायला रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा, घरातला मेन स्विच बंद करा आणि हेडफोन लावून बसा. मग एकेक एमसीबी चालू करा. माझ्याकडे चोर निघाला पूजेच्या खोलीतला एलईडी. बदलला. उरलेली खरखर सोसायटीच्या लिफ्टची आहे, तिच्याविरुद्ध मी मीटिंगमध्ये बोललो, पण ठराव पार्किंगचाच झाला. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिशसाठी शहरांपासून लांबची जागा निवडली, त्यामागे तिथला रेडिओ गोंगाट कमी असणं हे एक कारण होतं. आपण फ्लॅटमध्ये राहून तशी अपेक्षा धरायची नाही.

ट्रान्समिट करताना हेडफोनमध्ये स्वतःचाच चिरका आवाज येत असेल, तर हेडफोनची वायर अँटेनाचं काम करतेय. गॅलरीतून सोडलेल्या एंड-फेड (एका टोकाकडून जोडलेल्या) अँटेनाच्या वायरवर हे हमखास होतं. हेडफोनच्या वायरीचे रिगजवळ फेराइटमधून (वायरीवरचा आरएफ अडवणारी कडी) पाच-सहा वेढे घ्या (एचएफला, म्हणजे लघुलहरींना, ‘मिक्स ३१’ जातीचं चांगलं), आणि अँटेनाच्या फीडरवरही (रिगपासून अँटेनापर्यंतची केबल) असाच चोक टाका. तेवढ्याने बहुतेक वेळा थांबतं.

वळवाच्या दिवसांत

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर सिंहगडाच्या बाजूला ढग जमायला लागले की ऐंशी आणि चाळीस मीटरवर कडकड सुरू होते. प्रत्येक कडकडीचा फटका थेट कानाच्या पडद्यावर. या दिवसांत हेडफोन कानावर पूर्ण न चढवता एक कान मोकळा ठेवा. कडकड जवळ आली असेल तर ऐकायचंच नाही. गच्चीवरची वायर, तिला जोडलेला रिग, रिगला जोडलेला हेडफोन आणि हेडफोनखाली तुमचं डोकं, ही सगळी एकच साखळी आहे. आधी हेडफोन उतरवा, मग अँटेनाची वायर रिगमधून काढून खिडकीबाहेर टाका. पण हे ढग लांब असतानाच करायचं. गडगडाट ऐकू यायला लागल्यावर त्या वायरीला हात लावायचा नाही.