एफ-१५० चा बूस्ट कमी आणि स्कॅनरवर नॉक? टर्बो ऑर्डर करायच्या आधी हे तपासा

अमेरिकेत फोर्ड एफ-१५० वापरणाऱ्यांसाठी लिहितोय, म्हणजे ३.५ लिटर इकोबूस्ट, व्ही६, दोन टर्बोवालं इंजिन, जे २०११ पासून येतंय. ट्रेलर लावून चढावर गेलं की गाडी ओढत नाही, पी०२९९ (बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब, कमी पडतोय) हा कोड येतो आणि वर नॉकचे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकून होणाऱ्या ठोक्यांचे, आकडे पण दिसतात, मग बरेच जण थेट टर्बोवर घसरतात. तसं करू नका प्लीज, खूप पैसे जातात आणि तक्रार जिथल्या तिथे राहते.

आधी हे ठरवा की बूस्ट मिळत नाहीये की कॉम्प्युटर मागतच नाहीये. नॉक ऐकू आला की कॉम्प्युटर टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो, तरी थांबला नाही तर ताकद पण आवरती घेतो, आणि आपल्याला वाटतं टर्बो गेला. कोड पुसायच्या आधी त्याचा फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाचे आकडे) सेव्ह करून ठेवा. मग ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचा) आणि फोर्स्कॅन (फोर्डचे आकडे वाचणारं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) घेऊन मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादा सांभाळून, एकाच गिअरमध्ये २००० आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल देत लॉग करा, म्हणजे आकडे रेकॉर्ड करा, आणि लॅपटॉप शेजारच्याच्या हातात द्या, चालवणाऱ्याने स्क्रीन बघायची नाही. मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट गॅस टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप), थ्रॉटल किती उघडलाय, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, नॉकचं करेक्शन (नॉकमुळे टायमिंग किती हललं) आणि ऑक्टेन रेशो (पेट्रोलच्या ऑक्टेनबद्दल कॉम्प्युटरचा अंदाज) एवढं पुरे. मागितलेला जास्त आणि मिळालेला कमी असेल तर हवा कुठेतरी गळतेय किंवा वेस्टगेट नीट बंद होत नाहीये. मागितलेलाच कमी आहे आणि पाय पूर्ण दाबलेला असून थ्रॉटल मिटतोय, तर कॉम्प्युटर मुद्दाम अडवतोय आणि कारण नॉक, तापमान किंवा पेट्रोलमध्ये शोधायचं. ऑक्टेन रेशो उणे १ असेल तर उत्तम, अधिककडे सरकत असेल तर इंजिनाला नॉक ऐकू येतोय, खरा की खोटा ते नंतर बघू.

एक फुकटची तपासणी आहे जी लोक करतच नाहीत. इंजिन बंद, चावी ऑन. आता बाहेरच्या हवेचा दाब, थ्रॉटलच्या आधीचा आणि इनटेक मॅनिफोल्डमधला (जिथून हवा सिलिंडरांत वाटली जाते), हे तिन्ही आकडे जवळपास सारखेच यायला हवेत, समुद्रसपाटीला साधारण १४.७ पीएसआय, डेन्व्हरला १२ च्या आसपास. एखादा वेगळाच बोलत असेल तर तो सेन्सर किंवा त्याची वायर आधी बघा.

गळती शोधायला टर्बोच्या तोंडाला टोपी लावून रेग्युलेटरने १० पीएसआयपर्यंत हवा भरा, त्याहून जास्त नको, आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या रेडिएटरच्या) पाइपांचे क्लॅम्प आणि रबरी रिंगा हेच बहुतेक वेळा गुन्हेगार निघतात. पाइपात थोडं तेल असणं नॉर्मल आहे, पण जोडाच्या बाहेर तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर हवा तिथूनच जातेय. सुरुवातीच्या मॉडेल्समध्ये दमट हवेत इंटरकूलरमध्ये पाणी साचून गाडी अडखळायची, ते पण लक्षात ठेवा.

आता नॉक. नॉक सेन्सर म्हणजे ब्लॉकला बोल्टने आवळलेला एक पिझो क्रिस्टल (थरथरीचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा), त्याला फक्त थरथर कळते, ती सिलिंडरमधून आली की सैल पत्र्यातून हे ठरवायला कॉम्प्युटरकडे फ्रिक्वेन्सी आणि क्रँकची पोझिशन एवढंच असतं. खरा नॉक लोड, उष्णता आणि कमी ऑक्टेनने वाढतो. म्हणून टाकी जवळजवळ रिकामी करून ९३ ऑक्टेनचं पेट्रोल भरा, ९३ मिळत नसेल तर ९१, आणि त्याच रस्त्यावर परत लॉग करा (भारतातल्या सवयीने आकडे ताडू नका, इथलं ८७ म्हणजे आपल्याकडच्या रॉन या ऑक्टेन मोजण्याच्या पद्धतीत साधारण ९१). नॉक स्पष्ट कमी झाला तर तो खरा होता, मग प्लगचा गॅप, इंटरकूलरमधला कचरा, हवेचं तापमान बघा. काहीच फरक नाही, ठराविक आरपीएमलाच येतो, खड्ड्यात किंवा गिअर पडताना येतो, तर संशय खोट्यावर. गाडी पूर्ण गार असताना खाली जाऊन सायलेन्सरचे हीट शील्ड, खालचा स्किड प्लेट, ब्रॅकेट, सगळं हाताने हलवून आणि रबरी हातोडीने ठोकून बघा. सायलेन्सर पाइप चेसिसला टेकून घासला गेला असेल तर तिथे चकचकीत डाग दिसतो.

आणि एक जागा अशी की जिथे दोन्ही तक्रारी एकत्र भेटतात, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातून जळका गॅस बाहेर नेणाऱ्या भागाचे) स्टड, म्हणजे तो इंजिनाला धरून ठेवणारे बोल्ट. या इंजिनात ते तुटतात, बऱ्याचदा मागच्या कोपऱ्यातले. सकाळी गार इंजिनाला टिकटिक येते आणि गरम झालं की धातू पसरून बंद होते, काजळीचा काळा पट्टा उमटतो, टर्बोला मिळणारा गॅस बाहेर जातो म्हणून बूस्ट उशिरा येतो आणि वर तो आवाज नॉक सेन्सरच्या कानावर.

पी०३२५ किंवा पी०३३० (नॉक सेन्सरच्या सर्किटचे कोड) आला असेल तर सेन्सर बदलायच्या आधी वायर आणि कनेक्टर तपासा. सेन्सर काढावाच लागला तर बसायची जागा स्वच्छ आणि कोरडी करा, वॉशर घालू नका, तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा, कमी-जास्त झालं तर नवा सेन्सर पण चुकीचं ऐकतो. कोणी ट्यूनमध्ये (इंजिन कॉम्प्युटरच्या बदललेल्या प्रोग्राममध्ये) सेन्सरची सेन्सिटिव्हिटी कमी करून देतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा, खरा नॉक आला की पिस्टन जातो. दुरुस्तीनंतर तोच रस्ता, तेच पेट्रोल, तसंच ऊन बघून परत लॉग करा आणि जुना लॉग शेजारी ठेवून ताडा.