आवाजांवरून मुलांकडून कविता लिहून घेताय? या चुका टाळा

तिसरी-चौथीच्या पोरांना आवाजांवर कविता लिहायला सांगताना सर्रास होणारी चूक म्हणजे आधी फळ्यावर ध्वनिदर्शक शब्दांची यादी लिहायची. पक्ष्यांचा किलबिलाट, पानांची सळसळ, विजांचा कडकडाट... मग काय, सगळ्या वह्यांत तोच किलबिलाट, आणि खिडकीबाहेर खरं तर पारवा घुमत असतो नि बोअरची मोटर चालू असते. ती यादी शिष्यवृत्तीच्या तयारीला ठेवा. इथे दोन मिनिटं गप्प बसायचं आणि सगळ्यात जवळचा एक, सगळ्यात लांबचा एक आवाज पकडायचा, बस. "सर काहीच ऐकू येत नाही" म्हणणारं पोरगंही मग काहीतरी सांगतंच.

तो आवाज तोंडाने काढू द्या आणि निघेल तसाच लिहू द्या. कुकर 'फुस्स्स' करतो की 'सुंईंई', ते ज्याच्या-त्याच्या कानाने ठरवायचं. लाल पेन अजिबात नको प्लीज! घरची अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी आली तर फारच छान.

यमकाची घाई नको. कडकड-धडधड-गडगड जुळलं की पोरं खूश होतात आणि कविता तिथंच अडकते. त्यापेक्षा पोरांचे आवाज लिहून झाले की मगच फळ्यावर खणखण, छनछन, किणकिण, घणघण लिहा आणि विचारा, यांच्यात सारखं काय? धातू वाजला की बऱ्याचदा न नाहीतर ण येतो, तो नाकात घुमतो ना. आणि खळखळ, झुळझुळ, भळभळ, काही वाहत असलं की बऱ्याचदा ळ. हे आपण सांगून टाकायचं नाही, पोरांनीच शोधायचं, मला तर या सगळ्यातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. मग 'टप... टप', 'टपटप' आणि 'टपाटप' म्हणून बघायला लावा, पावसाचा जोर कसा बदलतो ते त्यांना आपोआप कळतं.

भाकरी थपथप, फोडणी तडतड, मिक्सर घर्रर्र, अशी नुसती जंत्री झाली असेल तर एकच आवाज ठेवायला सांगा. कोण करतंय, कधी थांबतो, थांबल्यावर काय ऐकू येतं? थपथप थांबली की आई जेवायला हाक मारते, असं कुणी लिहिलं की झाली कविता सुरू.

वर्गात कमी ऐकू येणारं मूल असेल तर बाकावर तळहात ठेवून ठोक्याची थरथर हाताला जाणवू द्या, फक्त त्याला एकट्याला पुढे बोलावू नका, सगळ्या वर्गालाच हात ठेवायला सांगा.