काळ्या ऑइलातली चमक

गाडीचं इंजिन ऑइल बदलताना मी जुनं ऑइल कधीच थेट कॅनमध्ये ओतत नाही. इंजिन कोमट असताना स्वच्छ, पांढऱ्या ट्रेमध्ये काढायचं. कोमटच का, तर तळाशी बसलेला कचराही ऑइलासोबत बाहेर येतो. मग टॉर्च तिरका धरून ट्रे हळूच हलवायचा. चंदेरी रंगासारखी तरंगती झाक दिसली, की समजायचं धातूची बारीक पूड आहे.

ड्रेन बोल्टला (ऑइल काढायला सोडवतात तो तळाचा बोल्ट) चुंबक असेल तर त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप सापडतो. बोटांत चोळून बघा. खरखर लागली नाही तर ती रोजची झीज, नव्या इंजिनाच्या पहिल्या ऑइलात तर असायचीच. पण नखाने उचलता येईल असा कीस किंवा चकती निघाली, तर गाडी सुरू करू नका.

खरी गोष्ट ऑइल गाळणाऱ्या फिल्टरमध्ये दडलेली असते. एकदा मी तो हॅक्सॉने कापला आणि ब्लेडचाच भुसा बघून घाबरलो! तेव्हापासून फिल्टर कटरच वापरतो. आतल्या कागदाच्या घड्या सोडवायच्या, दाबून ऑइल काढायचं, उन्हात बघायचं. कण चुंबकाला चिकटले तर लोखंड-पोलाद: कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), पिस्टनच्या रिंगा, चेन. न चिकटणारे पांढुरके बहुधा ॲल्युमिनियमचे, पिस्टनकडचे. तांबूस दिसले तर बेअरिंगचा वरचा थर उडून खालचं तांबं उघडं पडलंय. त्यात खालून ठकठक ऐकू येत असेल, तर गाडी टो करूनच न्या.